घरगाडीचा ताबा

दि. ४ फेब्रुवारी

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन का केला नाही म्हणशील. आमच्या घरात फोन तुझ्या दाजींच्या उशाशी असतो, आणि मी कोणाशी काय बोलते ते ऐकण्याखेरीज निवृत्त माणसाला दुसरा उद्योग नाही. म्हणून दुकानात बसून लिहिते आहे, एका सोफ्याचं कव्हर मशीनवर अर्धवट टाकून. उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर धाड. घरी धाडलंस तर तुझी खैर नाही.

कामाचं बोलते. घरगाडी विकायची आहे.

कारण डोळे. ह्यांना काचबिंदू आहे असं डॉक्टरांनी सांगितलं. समोरचं लख्ख दिसतं, पण डावीकडची बाजू गेली. गेली म्हणजे तिथे अंधार दिसतो असंही नाही. तिथे काही नसतंच, आणि नाही हे ह्यांना कळतही नाही. डॉक्टर म्हणाले, थेंब रोज घाला आणि गाडी चालवणं आजपासून बंद. हे मुकाट्याने घरी आले, पेपरातल्या बारीक अक्षरांतल्या जाहिराती मला घडाघडा वाचून दाखवल्या आणि म्हणाले, त्या डॉक्टरचेच डोळे कोणीतरी तपासायला हवेत. थेंबांची बाटली सील न फोडता कपाटावर बसली आहे.

आणि गाडी चालूच. दळण आणायलासुद्धा घरगाडी निघते. बिछाना, शेगडी, भांडी, सगळं खडखडत दळणाला जातं. मी किल्ली बटणांच्या डब्यात लपवली, तर ह्यांच्याकडे दुसरी निघाली. ती कुठे ठेवतात ते मला अजून सापडलेलं नाही. बस चालवण्यात जन्म गेला, अंगावर एक ओरखडा नाही, त्याचा ताठा. मला रात्रंदिवस एकच दिसतं, डावीकडून कोणाचं तरी पोर येतंय आणि हे समोर बघतायत.

विकायला मात्र तयार आहेत. डोळ्यांचं नाव काढलं नाही मी, गुडघे पुढे केले. म्हटलं, गाडीची पायरी मला चढवत नाही, नुसती उभी ठेवून काय करायची. म्हणाले, बरं, पण योग्य माणूस मिळाला तर. आता तू विम्याच्या ऑफिसात जुन्या गाड्यांचे कागद बघतोस, तर सांग. डीलरकडे द्यायची की आपली आपण विकायची? शेजारचा टायरवाला म्हणतो डीलर कापतात. लांबड लावू नकोस, एका ओळीत सांग.

वहिनीला आशीर्वाद. पोरांचे कान पकडून अभ्यासाला बसव. लोभ ठेवतोसच, जरा उत्तरही वेळेवर ठेव.

तुझी ताई


दि. १२ फेब्रुवारी

ती. ताईस बारक्याचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकिटावर दुकानाचा शिक्का बघून आधी वाटलं, मागच्या वर्षीच्या उशांचं बिल आलं. वाचून हसलो आणि मग हसू गेलं. दाजींचं असं असेल हे ध्यानीमनी नव्हतं. दिवाणखान्यात बसले की ते नेहमीसारखेच दिसतात.

एका ओळीत सांगायचं तर डीलरकडे दे. आता तू चिडशील, पण बाकीच्या ओळीही वाच. घरी विकलीस तर चार पैसे जास्त मिळतील हे खरं. पण जाहिरात द्या, परके लोक घरात घ्या, त्यांना फिरवून आणा, घासाघीस करा, मग नाव बदलायच्या कागदांसाठी ऑफिसच्या रांगेत उभे राहा. त्यातून असली गाडी सगळ्यांना नको असते. बघायला दहा येतात, कारण आत बिछाना कसा उलगडतो ते प्रत्येकाला बघायचं असतं. घेणारा एखादाच. डीलर रोख पैसे देतो, कागद तोच करतो आणि गाडी त्याच दिवशी अंगणातून जाते. तुला पैसे हवेत की गाडी जायला हवी, ते ठरव. मला तर वाटतं, गाडी जायला हवी.

दाजींना डोळ्यांचं तू सरळ का सांगत नाहीस? टायरवाल्याला भररस्त्यात तोंडावर चोर म्हणणारी तू.

मुलं मजेत. धाकटा म्हणतो आत्याची गाडी आपणच घेऊ. त्याला गप्प बसवलं आहे. दाजींना नमस्कार सांगता येणार नाही, तेव्हा मनातल्या मनात सांग. माया आहे ती असू दे.

तुझा बारक्या


दि. २० फेब्रुवारी

चि. बारक्यास आशीर्वाद.

तुझं ऐकलं नाही. टायरवाल्याचं ऐकलं. वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तीही मीच तोंडी सांगून, आणि तिथल्या मुलीने गाडी शब्दाला काना देऊन गाडीचा गाडा केला ते वेगळंच. तरी माणसं आली. तू म्हणालास तशीच, बिछाना उलगडायला.

पण विकली जात नाही ती त्यामुळे नाही. तुझ्या दाजींमुळे.

डेपोत एक पद्धत असते म्हणे. पाळी बदलताना आधीचा ड्रायव्हर पुढच्याला गाडीची सगळी दुखणी सांगतो, गाडीला हात लावून, एकेक दाखवून, आणि मगच किल्ली त्याच्या हातात देतो. त्याला ताबा देणं म्हणतात. न सांगता किल्ली दिली तर तो ड्रायव्हरच नव्हे. तर आमच्या अंगणात रोज ताबा चालला आहे. 

आधी एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. पोरगी मी शिवलेले पडदे बघून हरखली होती. नवऱ्याने खिशाला हात घातला होता, मी डोळ्यांनी पाहिला. तेवढ्यात हे सुरू झाले. थंडीत दुसरा गिअर पडत नाही, त्याला आधी तिसरा दाखवावा लागतो. टाकी रिकामी झाली तरी काटा अर्ध्यावर उभा असतो. बिछान्यावरच्या कोपऱ्यात छत गळतं, पण गाडी उताराकडे तोंड करून लावली तर नाही गळत. दार उचलून लोटायचं, ओढायचं नाही. हँडब्रेक चढावर धरत नाही, चाकामागे दगड ठेवायचा, दगड शिडीखाली आहे, तो गाडीबरोबर मिळेल. हे सगळं असं मायेने, की त्या पोराचा हात खिशातून बाहेर आला आणि परत आत गेलाच नाही. चहा पिऊन गेले. जाताना पोरगी म्हणाली, काकांना गाडीशिवाय करमणार नाही, राहू द्या त्यांच्याकडे. मी दात विचकून हसले.

मग एक मासे धरायचा नाद असलेला वकील आला. त्याला हँडब्रेकपर्यंत दम निघाला नाही.

तिसऱ्याला मी शहाणपणा केला. हे दाढीला गेल्यावरच त्याला बोलावला. मीच बॉनेट उघडलं, मीच म्हटलं सगळं ठणठणीत आहे. पण न्हाव्याचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी, आरसा रस्त्याकडे. ह्यांना आरशात बॉनेट उघडं दिसलं. डावीकडचं न दिसणारा माणूस, आणि नेमकं हे दिसलं! अर्ध्या गालाला साबण, गळ्यात न्हाव्याचा पंचा, तसेच धावत आले, मागून न्हावी आपल्या पंच्यासाठी. आणि उभ्या उभ्या ताबा द्यायला लागले. तो माणूस ह्यांच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, की सगळं ठणठणीत म्हणाली ती हीच ना.

मला आता वाटतं, हे मुद्दाम करतायत. विकायचीच नाही आहे. परवा भाजीला घेऊन गेले आणि येताना फाटकाच्या खांबाला अगदी घासून आले. मी खिडकीतून पाहिलं. विचारलं तर म्हणे खांबच पुढे सरकलाय.

तोंडावर का सांगत नाहीस म्हणून विचारलंस. टायरवाला घरी येऊन माझ्यासमोर जेवायला बसत नाही, म्हणून त्याला सांगता येतं.

तुझा डीलर आण. हरले मी. लोभ असला तर त्यातला थोडा लवकर धाडावा.

ताई


दि. २८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

न्हाव्याचा प्रसंग तुझ्या वहिनीला वाचून दाखवला. तिचा स्वयंपाक करपला, तो तुझ्या नावावर.

डीलरशी बोललो. ओळखीचा आहे, कागदपत्रांत चोख आहे, ऑफिसात त्याच्याबद्दल तक्रार नाही. फोटोवरून आकडाही सांगितला. टायरवाल्याच्या स्वप्नातल्या आकड्यापेक्षा कमी आहे, पण माझ्या अंदाजापेक्षा बरा. मुख्य म्हणजे दाजींना चालवत न्यायला लागू नये म्हणून त्याचा ड्रायव्हर घरी येऊन गाडी नेईल. तुम्ही दोघं मागे आरामात बसा, सही करा, पैसे घ्या आणि रिक्षाने परत या. गुरुवारी येईल.

दाजी मुद्दाम करतायत असं मला वाटत नाही. ते त्यांचं काम करतायत. पण माझं ऐकून तू कधी काही केलंस!

लोभाची पहिली खेप सोबत पाठवतो आहे.

बारक्या


दि. ९ मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद.

गाडी घरीच आहे. आधी तेवढं सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

ड्रायव्हर आला, गाडी घेऊन निघाला, आम्ही मागे बिछान्यावर पाहुण्यासारखे बसलो. त्याने दुसरा गिअर टाकताना असा आवाज काढला की ह्यांनी डोळे मिटून घेतले. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, आधी तिसरा दाखव म्हणावं त्याला. मी म्हटलं गप्प बसा.

डीलरचं आवार मोठं, गाड्या धुवून पुसून रांगेत, टायरांना काळं पॉलिश, आत काचेची खोली आणि थंड हवा. टाय लावलेला एक तरुण आला, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि कागद पुढे केला. सही करा. तुझा आकडा बरोबर होता. मी पेन उचललं सुद्धा.

हे म्हणाले, आधी ताबा घ्या. त्याला कळेना. हे गाडीला हात लावून सुरू झाले, गिअर, काटा, छत. तो मोबाईल बघत हो हो करत होता. हँडब्रेकवर आले तेव्हा तो म्हणाला, काका, दुरुस्ती वर्कशॉपची गोष्ट, आम्ही कागदावर उत्तम स्थितीत असं लिहितो, तुम्ही आत एसीत बसा. ह्यांनी विचारलं, मग पुढच्या माणसाला दगडाचं कोण सांगणार? तो हसला. म्हणाला, पहिला चढ आला की त्याचं त्यालाच कळेल.

बारक्या, तो पोरगा वाईट नव्हता. त्याला आपला विनोद केल्यासारखं वाटलं. पण ह्यांनी हात पुढे केला, त्याच्या बोटातून किल्ली काढून घेतली आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले. आता मी काय करणार? ह्यांना एकट्याला जाऊ देणार? मी शेजारी बसले. पायरी कशी चढले माझं मला ठाऊक.

मोठ्या रस्त्यावर सायकलवरून एक शाळकरी मुलगी आली. डावीकडून. मला ती केव्हाची दिसत होती. मला वाटलं ह्यांनाही दिसली असेल, इतकी समोर होती. हे तिच्यावर गाडी घालत होते, रे. मी किंचाळले. ब्रेक लागला. मागे शेगडी सुटून पडली. मुलगी घाबरून सायकलसकट आडवी झाली, तळहात खरचटला, बाकी काही नाही. उठून ह्यांना म्हणाली, दिसत नाही का? असं सगळेच म्हणतात ना रस्त्यावर, तशीच म्हणाली. हे खाली उतरले, तिची सायकल उभी केली, चेन बसवून दिली. ग्रीस लागलेले हात पुसत उभे राहिले.

पण गाडी रस्त्याच्या मध्यावर, मागून भोंगे. ती हलवायला तर हवी. मला येत नाही. मग हे बसले आणि मी डावी बाजू सांगत गेले. आता कोणी नाही. आता एक हातगाडी आहे. उभी आहे. गेली. आता कुत्रं. आता नाही. घर येईपर्यंत. चालण्याच्या वेगाने आलो असू, एक म्हातारी आम्हाला ओलांडून पुढे गेली. माझा घसा बसला. एकदाही म्हणाले नाहीत की गप्प बस.

आल्यावर किल्ली माझ्या हातात ठेवली. दुसरी बुटातून काढली, तीही ठेवली. चार दिवस झाले, अंगणाकडे पाठ करून बसतात. पेपर वाचत नाहीत. थेंब अजून कपाटावर. मला वाटलं होतं, मानलं की सुटले मी. पण हे मानल्यासारखं नाही, विझल्यासारखं आहे. ह्यांचं काय करू ते कोणता डीलर सांगेल?

कव्हर उद्या द्यायचं आहे आणि मी उसवलेलं परत उसवते आहे. लोभ राहू दे. लागेल.

ताई


दि. १५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. डीलरचा फोन आला होता, त्या पोराला बोलणी बसली म्हणाला, आकडा अजून तोच आहे, पाहिजे तेव्हा गाडी उचलतो. पण मी हो म्हटलं नाही. आता घाई कसली? किल्ल्या तुझ्याकडे आहेत, गाडी अंगणात उभी राहून कोणाला मारणार नाही.

घाई आहे ती दाजींची. आणि मला वाटतं, त्यांना गाडीचा नीट ताबा देऊ दे. ज्याला ऐकायचं आहे असा एक माणूस येईपर्यंत थांब. तू आणि थांबणं, ठाऊक आहे मला. तरी.

पुढच्या रविवारी येऊ का? नको असेल तर कळव, कळवलं नाहीस तर येतोच. जीव लावतेस तसा लावत राहा.

बारक्या


दि. २ एप्रिल

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

रविवारी आलास ते बरं झालं. ह्यांच्याशी गाडी सोडून बाकी सगळं बोललास, तेही कळलं मला. आता तू गेल्यानंतरचं ऐक.

मंगळवारी एक बाई आली. जनावरांची डॉक्टरीण. लांबच्या गोठ्यांवर जाते, एखादी गाय अडली की तिथेच मुक्काम पडतो, म्हणून हिला चाकांवरची खोली हवी होती. केस आखूड, पायात गमबूट, चहा नको म्हणाली. मला आवडली. मी आत हाक मारली, की या, गाडी बघायला आल्यात. हे येईनात. मी परत हाक मारली, जरा मोठ्याने, गल्लीने ऐकली. तेव्हा आले.

सुरुवातीला पडेल आवाजात, पाठ केलेलं म्हणावं तसं. दुसरा गिअर पडत नाही. तर ही विचारते, कधीपासून? थंडीतच की नेहमी? इंजिन तापल्यावर बरं वाटतं का? ह्यांनी मान वर केली. काट्याचं सांगितलं, तर म्हणे एकदम अर्ध्यावर थांबतो की हळूहळू? मग छत. ही शिडीवर चढून हाताने चाचपून आली. मग दोघंही गाडीखाली. मला बाहेर चार पाय तेवढे दिसत होते आणि आतून बोलणं चाललेलं. तिचे रोगी बोलत नाहीत ना, सगळं धन्याला विचारून घ्यायची तिला सवय. दगड दाखवला तो तिने उचलून, वजन बघून, परत जागेवर ठेवला. तुझ्या दाजींचा आवाज हळूहळू नेहमीसारखा झाला. मी पायरीवर बसून राहिले. दुकान उघडायचं होतं, बसून राहिले.

सगळं संपलं. किल्ली माझ्याकडे होती, मी पुढे केली. हे म्हणाले, थांब, एक राहिलं. तिला डाव्या बाजूला घेऊन गेले. बंपरच्या कोपऱ्याला पुट्टी भरून रंग दिलेला होता, मला कधी दिसला नाही, रंग इतका जुळवलेला. म्हणाले, इथे खांबाला लागली आहे. एकदा नाही. अलीकडे ही गाडी चालवणाऱ्याला डावीकडचं दिसत नाही, तेव्हा ही बाजू सगळी नीट तपासून घ्या.

असं म्हणाले. परक्या बाईला. माझ्यादेखत, पण माझ्याकडे न बघता. मी पदराने नाक पुसलं, धुळीचा बहाणा केला.

त्या बाईने हो म्हटलं आणि खाली बसून ती बाजू खरंच तपासली, इंच इंच. दुसरं काही बोलली असती तर मी तिला फाटकाबाहेर घातली असती. मग हे म्हणाले, घेतलात ताबा? ती म्हणाली, घेतला. ह्यांनी माझ्या हातून किल्ली घेऊन तिला दिली.

आता पैशांचं. ती जो आकडा म्हणाली त्यातून मीच हँडब्रेकचे कमी केले, ह्यांनी बंपरचे केले. डीलर देत होता त्यापेक्षा कमी आले. घरी विकली की जास्त मिळतात ना? मिळाले नाहीत. यावर तू एक अक्षर बोलायचं नाहीस. टायरवाला बोलला, तो आता माझ्या दुकानाच्या बाजूने जात नाही.

थेंब सुरू आहेत. सोमवारी डॉक्टरकडे जायचं होतं. मी रिक्षा म्हटलं, हे म्हणाले बस आहे ना. नोकरी सुटल्यापासून बसची पायरी चढले नव्हते हे, माहीत आहे तुला. सुटे पैसे हातात धरून रांगेत उभे राहिले. ड्रायव्हरच्या मागची जागा पकडली आणि जाताना वाटभर, हा क्लच किती खातो, हा वळणावर आधी का नाही दाबत, मला कानात आणि मग सगळ्या बसला. मी चिमटा काढला तेव्हा थांबले. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही, उरलंय ते थेंबांनी राखता येईल. ह्यांनी आठवणीने विचारलं, दिवसातून किती वेळा.

येताना बस रिकामी होती. हे काही बोलेनात म्हणून बघते तर डोळे मिटलेले. चालत्या गाडीत हा माणूस आयुष्यात कधी झोपला नाही, बारक्या. सहलीला गेलो तरी घरगाडी थांबल्याशिवाय नाही. मान माझ्या खांद्यावर आली. ड्रायव्हर गिअर चुकवत होता, तरी जाग नाही. आमचा थांबा आला. पायाशी दुकानाच्या कापडाचा गठ्ठा, घरी कुकर लावायचा, संध्याकाळी दोन गिऱ्हाइकं यायची.

मी उठवलं नाही. बस शेवटच्या थांब्यापर्यंत गेली.

वहिनीला, पोरांना आशीर्वाद. लोभ तुझा आहेच, सल्ले मात्र विचारीन तेव्हाच दे.

तुझी
ताई